काउंटी जेल कसं चालतं? इमारत, माणसं आणि देखरेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा काउंटी (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जेलशी संबंध येतो तो बहुधा दोन वाटांनी. कुणाला तरी रात्री दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं म्हणून, नाहीतर मतपत्रिकेवर नव्या जेलच्या बाँडचा, म्हणजे बांधकामासाठी काढायच्या कर्जाचा, प्रश्न आला म्हणून. दोन्ही वेळा प्रश्न घाईत पडतात आणि उत्तरं सिनेमातून घेतली जातात. म्हणून हे पान. उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय आणि न्यूयॉर्कची आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, हे लक्षात ठेवून वाचावं.

जेल आणि प्रिझन एकच ना?

नाही. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं. तिथे शिक्षा झालेले, बहुधा वर्षाहून जास्त काळासाठी जातात. जेल स्थानिक असतं. नुकतेच अटक झालेले, जामीन न भरू शकलेले, खटल्याची वाट बघणारे आणि छोट्या शिक्षा भोगणारे असे सगळे एकाच छपराखाली. २०२३ च्या मध्यावर देशभरातल्या स्थानिक जेलांत साधारण ६ लाख ६४ हजार माणसं होती आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांवरचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. म्हणजे आपल्या भाषेत कच्चे कैदी. या बाबतीत भारतातल्या तुरुंगांचं चित्र फार वेगळं नाही.

मुक्काम सरासरी महिनाभराचा. पण सरासरी फसवी आहे. कित्येक जण दोन दिवसांत बाहेर पडतात, काही जण खटला उभा राहीपर्यंत दोन-दोन वर्षं अडकतात. वर्षभरात आत येणाऱ्यांच्या नोंदी ७० लाखांच्या वर जातात. ही सततची ये-जा डोक्यात ठेवली तर पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतात.

अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या ६ राज्यांत जेल आणि प्रिझन दोन्ही मुख्यत्वे राज्यच चालवतं. कॅलिफोर्नियात २०११ साली उलटा प्रवास झाला. राज्याच्या प्रिझनमधली गर्दी कमी करण्यासाठी काही गुन्ह्यांच्या लांब शिक्षा काउंटी जेलमध्येच भोगायची सोय झाली. त्यामुळे काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या इमारतींत लोक अनेक वर्षं राहू लागले. तिथे ना पुरेसं अंगण, ना वर्गखोल्या.

मग जेलचा मालक कोण? शेरीफ?

बहुतेक काउंट्यांत हो. मुंबईलाही शेरीफ असतो, पण तो मानाचा. इकडचा शेरीफ निवडणूक लढवून येतो, त्याच्या हाताखाली बंदूकधारी डेप्युटी असतात आणि जेलच्या किल्ल्याही त्याच्याचकडे. मात्र तिजोरीची किल्ली काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाकडे असते. कॅलिफोर्नियात त्याला बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्स म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी कमिशनर्स. जेलमध्ये काही बिघडलं की शेरीफ म्हणतो पैसे दिले नाहीत, मंडळ म्हणतं दिलेले नीट वापरले नाहीत. हे भांडण जवळपास प्रत्येक काउंटीत सापडेल.

काही ठिकाणी जेल शेरीफकडे नसतंच. न्यूयॉर्क शहराचं रायकर्स बेटावरचं जेल महापौरांच्या हाताखालचं करेक्शन (तुरुंग) खातं चालवतं.

अटक झाल्यावर आत पहिल्या काही तासांत काय होतं?

गाडी सॅलीपोर्टमध्ये शिरते. ही दोन दरवाज्यांमधली बंदिस्त जागा. मागचं दार पूर्ण लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. पोलीस आपलं पिस्तूल इथल्या किंवा दाराजवळच्या लॉकरमध्ये ठेवतात, कारण आत कुणाकडेच बंदूक चालत नाही, अधिकाऱ्याकडेही नाही. हिसकावली गेली तर काय, हा साधा हिशेब.

मग बुकिंग : बोटांचे ठसे, फोटो, अंगझडती, सामानाची यादी. पट्टा, बुटांच्या नाड्या, अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र सगळं पिशवीत बंद होतं आणि पावतीवर सही घेतली जाते. त्यानंतर नर्स प्रश्न विचारते. कुठली औषधं चालू आहेत, शेवटचं दारूपान कधी, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. घाबरलेला माणूस सगळ्यालाच ‘नाही, नाही’ म्हणून मोकळा होतो. तसं करू नये. इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी लागत असेल तर ती याच टेबलावर सांगायची. नंतर विनंतीचा कागद भरून वाट बघावी लागते.

पुढची पायरी वर्गीकरण. वय, गुन्ह्याचं स्वरूप, पूर्वीचा तुरुंगवास, टोळीशी संबंध, आजार, कुणापासून धोका या सगळ्यावरून कोण कुठल्या विभागात राहणार ते ठरतं. माझ्या मते जेलमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि बाहेरच्यांना सगळ्यात कमी माहीत असलेलंही. पहिल्यांदाच आत आलेल्या विशीतल्या पोराशेजारी कोण झोपणार हे टेबलावरचा एक कर्मचारी ठरवतो.

जुन्या आणि नव्या जेलच्या आराखड्यात नेमका फरक काय?

फरक भिंतींच्या जाडीत नसतो. अधिकारी कुठे उभा आहे आणि तिथून त्याला काय दिसतं, त्यावर सगळं ठरतं.

पहिली पद्धत सरळ रांगेची. लांब कॉरिडॉर, त्याच्या कडेला कोठड्या, गजांची दारं. अधिकारी समोरून चालत जातो तेव्हाच त्याला त्या-त्या कोठडीत दिसतं. पुढे सरकला की मागचं दिसेनासं होतं. दोन फेऱ्यांच्या मधला काळ त्या कॉरिडॉरमधल्या सगळ्यात दांडगट कैद्याच्या मालकीचा. जेवणाचा ट्रे कुणाला पूर्ण मिळणार आणि फोन कोण वापरणार हे तोच ठरवतो. लॉस एंजेलिसचं मेन्स सेंट्रल जेल, १९६३ साली उघडलेलं, याच वळणाचं आहे.

दुसऱ्या पद्धतीत कोठड्या एका सामाईक दालनाभोवती मांडल्या आणि अधिकाऱ्याला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. याला पॉड म्हणतात. आता त्याला सगळं दिसू लागलं, पण ऐकू काही येईना. बटण दाबून दारं उघडायची, इंटरकॉमवर हुकूम सोडायचे. भांडण पेटलं की आतून मदत बोलवायची आणि ती येईपर्यंत काचेतून बघत बसायचं.

तिसरी पद्धत डायरेक्ट सुपरव्हिजनची. इथे काचच काढून टाकली. अधिकारी पॉडच्या आत, कैद्यांमध्येच, एका उघड्या टेबलाशी. पूर्ण पाळी तिथेच. सुरुवात केंद्र सरकारच्या शिकागो, न्यूयॉर्क आणि सॅन दिएगो इथल्या जेलांनी केली, १९७० च्या दशकाच्या मध्यावर. काउंटीच्या पातळीवर पहिला मान कॅलिफोर्नियातल्या काँट्रा कोस्टा काउंटीचा. मार्टिनेझ गावातलं त्यांचं जेल १९८१ च्या जानेवारीत सुरू झालं. सतरंजीसारखा गालिचा, लाकडी फर्निचर, साधी चिनी मातीची भांडी असलेले संडास. ‘हे जेल आहे की हॉटेल’ अशी टीका झालीच.

साठ कैद्यांमध्ये एकटा, निःशस्त्र अधिकारी? हे सुरक्षित कसं?

हा प्रश्न नवीन भरती झालेले डेप्युटीही विचारतात.

उत्तर असं की काचेमागचा अधिकारी भांडण झाल्यावर धावतो, आत बसलेल्याला ते होण्याआधी वास येतो. रोज बुद्धिबळ खेळणारे दोघे आज वेगवेगळ्या टेबलांवर का बसले, एकजण दुपारपासून भिंतीकडे तोंड करून का पडलाय, कुणाच्या घरून आज वाईट बातमी आली. हे कॅमेऱ्यात दिसतं, पण कळत नाही. दुसरं म्हणजे सगळी जागा सतत अधिकाऱ्याच्या ताब्यात असल्याने कैद्यांमध्ये दादा तयार व्हायला फट उरत नाही. आणि तिसरं, पॉडमध्ये टीव्ही, फोन, खेळ, गरम पाणी अशा गमावण्यासारख्या गोष्टी असतात. नीट वागला नाहीस तर कडक विभागात जाशील, एवढं पुरतं. अशा पॉडमध्ये तोडफोड इतकी कमी होते की खास जेलसाठी बनवलेल्या महागड्या वस्तूंऐवजी बाजारातलं साधं सामान चालतं.

पण एक अट आहे, आणि इथेच बहुतेक काउंट्या घसरतात. वर्गीकरण नीट हवं आणि टेबलाशी बसणारा माणूस शिकवलेला हवा. त्याला नावं लक्षात ठेवता यायला हवीत, नाही म्हणता यायला हवं, दिलेला शब्द पाळता यायला हवा. आराखडा तिसऱ्या पद्धतीचा आणि अधिकारी टेबलामागून न हलणारा, असं झालं की नवी कोरी इमारत पहिल्या पद्धतीचं जेल होऊन बसते. ४८ खाटांसाठी बेतलेल्या पॉडमध्ये दुमजली खाटा टाकून ९० जण कोंबले तरी तेच होतं. एका कोठडीत दोघांना ठेवणं मुळात बेकायदा नाही. १९७९ च्या बेल विरुद्ध वुल्फिश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. त्याच निकालाने हेही सांगितलं की गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसाला शिक्षा म्हणून कोणतीही वागणूक देता येणार नाही. पहिलं वाक्य अंदाजपत्रक करणाऱ्यांना पाठ असतं, दुसरं वकिलांना.

कोठडीत काय काय असतं?

भिंतीला बोल्टने पक्की केलेली खाट, छोटं टेबल, त्याला जोडलेलं स्टूल, अरुंद खिडकी. स्टेनलेस स्टीलचं एकच जोडभांडं, वर वॉशबेसिन आणि खाली संडास. त्याचे नळ-पाइप भिंतीमागच्या अरुंद बोळात असतात, म्हणजे गळती झाली तर प्लंबर तिकडून काम करतो, कोठडीत शिरावं लागत नाही. स्क्रू खास हत्याराशिवाय न निघणारे. कपडे अडकवायचा हुक वजन पडलं की खाली वाकतो, गळफासाला आधार मिळू नये म्हणून. दाराला कमरेच्या उंचीवर फळीएवढी फट असते. जेवणाचा ट्रे तिथून सरकवतात आणि कडक विभागात बेड्याही तिथूनच घालतात.

अमेरिकन करेक्शनल असोसिएशनच्या मानकांत एकट्याच्या कोठडीत निदान ३५ चौरस फूट मोकळी जागा सांगितली आहे, म्हणजे खाट-टेबल वगळून. ही मानकं ऐच्छिक आहेत. सक्ती असते ती राज्याच्या नियमांची.

आग लागली तर आतल्यांचं काय?

चांगला प्रश्न, कारण इतर इमारतींचा नियम इथे लागू होत नाही. जेलमध्ये सगळ्यांना रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून प्रत्येक मजला धूर अडवणाऱ्या भिंतींनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला असतो आणि धूर झालेल्या कप्प्यातून शेजारच्या सुरक्षित कप्प्यात आडवं स्थलांतर करतात. दारं कंट्रोल रूममधून उघडतात; वीज गेली तर हाताने, किल्लीने. त्या किल्ल्या अंधारातही चाचपून ओळखू याव्यात अशा खुणा केलेल्या असतात. अर्थात किल्ली घेऊन धावायला माणूस हवा. आणि इथून आपण खऱ्या विषयावर येतो.

एका पाळीला किती कर्मचारी लागतात?

हिशेब सोपा आहे, तरी काउंटीच्या बैठकांत दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागतो. एक जागा चोवीस तास, वर्षभर भरायची तर ८,७६० तास लागतात. आठवड्याला ४० तास काम करणारा माणूस कागदावर वर्षाला २,०८० तास देतो. त्यातून रजा, आजारपण, सण, बाळंतपण, प्रशिक्षण वजा करा. हाती साधारण १,७०० उरतात. भागाकार करा : एका खुर्चीसाठी पाचाहून जास्त माणसं. वीस खुर्च्यांच्या मध्यम जेलला शंभरावर. यात स्वयंपाकघर, दवाखाना, कोर्टात ने-आण हे सगळं वेगळं.

टेक्सासमध्ये दर ४८ कैद्यांमागे किमान एक जेलर असा राज्याचा नियम आहे. बऱ्याच राज्यांत असा ठोक आकडाच नाही. ‘पुरेसे’ कर्मचारी असावेत, एवढंच लिहिलेलं असतं.

पाळ्या बहुतेक ठिकाणी १२ तासांच्या. माणसं कमी पडली की सक्तीचा ओव्हरटाइम. सोळाव्या तासाला पॉडमध्ये बसलेल्या माणसाकडून शांत डोक्याची अपेक्षा करणं व्यर्थ आहे. तो चिडतो, आजारी रजा टाकतो, शेवटी नोकरी सोडतो, आणि उरलेल्यांचा ओव्हरटाइम आणखी वाढतो. माणसं नसली की पहिली कात्री लागते ती अंगणात जाण्याच्या वेळेला, मग भेटींना, मग वर्गांना. कैदी दिवसाचे २२ तास कोठडीत. त्यातून भांडणं वाढतात, त्यासाठी आणखी माणसं लागतात.

याला आणखी एक पीळ आहे. अनेक शेरीफ खात्यांत नव्या डेप्युटीची पहिली काही वर्षं जेलमध्ये जातात आणि मग तो गस्तीवर जातो. त्यामुळे जेलची नेमणूक म्हणजे कसेबसे काढायचे दिवस, अशी समजूत होते. काही काउंट्यांनी यासाठीच वेगळं करेक्शनल डेप्युटी असं पद केलं, ज्यांनी हेच काम आयुष्यभर करायचं. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

कॅमेरे असताना तासातासाला फेरी कशाला?

कारण पांघरूण घेऊन पडलेला माणूस श्वास घेतोय की नाही हे कॅमेऱ्यात नीट कळत नाही. कॅलिफोर्नियात निदान तासातून एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची सक्ती आहे. टेक्सासमध्ये तासाला एकदा, आणि मानसिक आजार किंवा आत्महत्येचा धोका असलेल्यांसाठी दर ३० मिनिटांनी. फेऱ्या एकसारख्या वेळी न घेता थोड्या पुढेमागे घ्यायच्या, नाहीतर कैदी घड्याळ लावून बसतात.

चुकलेली फेरी आणि खोटी नोंद हा जुना रोग. टेक्सासमधल्या वॉलर काउंटीच्या जेलमध्ये जुलै २०१५ मध्ये सँड्रा ब्लँड या तरुणीचा मृत्यू झाला. वाहतुकीच्या साध्या नियमावरून गाडी अडवली होती, त्यातून अटक झाली. जामिनाचे पैसे जमेपर्यंत ती आत होती. मृत्यूआधीच्या तासाची प्रत्यक्ष फेरी झालेलीच नव्हती. २०१७ साली तिच्या नावाने झालेल्या कायद्याने जेलमधल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या यंत्रणेकडे दिला आणि फेऱ्यांची वेळ यंत्राने नोंदवण्याची तरतूद केली. आता अनेक जेलांत कोठडीच्या दाराशेजारी रुपयाएवढी धातूची चकती दिसते. अधिकारी हातातला दांडा तिला टेकवतो, टक् आवाज होतो, वेळ संगणकात जाते. दांडा टेकवताना आत डोकावलं की नाही, हे मात्र चकतीला कळत नाही.

इमारतीवर भिस्त ठेवून काय होतं याचा नमुना शिकागोत मिळतो. तिथल्या केंद्रीय जेलच्या उंच त्रिकोणी इमारतीच्या खिडक्या फक्त ५ इंच रुंद, माणूस निघूच शकणार नाही अशा. डिसेंबर २०१२ मध्ये दोघांनी खिडकीची जागा फोडून मोठी केली आणि चादरींच्या दोराने खाली उतरले. सकाळी चादर भिंतीवर लोंबत होती.

आत आजारी पडलं तर?

उपचार द्यावेच लागतात; जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एस्टेल विरुद्ध गँबल खटल्यात ठरवलं. पण आत गेल्यावर मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) बहुतांशी थांबतं, म्हणून खर्च काउंटीच्या अंगावर. अनेक काउंट्या हे काम खासगी कंपन्यांना देतात. आत्महत्या हे स्थानिक जेलांतल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आहे, साधारण १० पैकी ३ मृत्यू. पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. नशा उतरत असते, नोकरी जाणार हे कळत असतं, घरी कुणाला तोंड दाखवायचं हा प्रश्न असतो.

स्त्रिया आणि अल्पवयीन?

स्त्रियांचे विभाग वेगळे. तुरुंगांतल्या बलात्कारांना आळा घालणाऱ्या २००३ च्या कायद्याखालच्या मानकांनुसार भिन्नलिंगी कर्मचाऱ्याने विभागात शिरताना तसं जाहीर करायचं असतं. अल्पवयीन मुलं मोठ्यांना दिसू नयेत, ऐकू येऊ नयेत, असा केंद्राचा नियम आहे.

शेरीफवर कुणाचं लक्ष?

अनेकांचं, पण तुकड्यातुकड्यांनी. टेक्सासमध्ये १९७५ पासून जेल मानकांचा स्वतंत्र आयोग आहे. कॅलिफोर्नियात राज्याचं मंडळ दर दोन वर्षांनी तपासणी करतं; त्यांचे शेरे जाहीर होतात, पण दंडुका हलकाच. काही राज्यांत तर अशी तपासणीच नाही.

कॅलिफोर्नियाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे प्रत्येक काउंटीत नागरिकांची ग्रँड ज्युरी असते, बहुतेक ठिकाणी १९ जणांची, वर्षभरासाठी. आपल्या हद्दीतल्या तुरुंगांची स्थिती आणि कारभार यांची चौकशी करणं तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. निवृत्त शिक्षक, दुकानदार, इंजिनियर स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत सगळं बघून येतात आणि अहवाल छापतात. आपल्या मंडळींनी यासाठी जरूर अर्ज करावेत. अमेरिकन नागरिकत्व मात्र लागतं.

त्यावर केंद्राचं न्याय खातं. १९८० च्या कायद्याने त्याला जेलविरुद्ध दावा लावता येतो. शिकागोच्या कुक काउंटी जेलबद्दल त्यांनी २००८ मध्ये ताशेरे ओढले, २०१० मध्ये न्यायालयीन करार झाला आणि त्यात जादा अधिकारी भरण्याची अट होती. न्यूयॉर्कच्या रायकर्सवर २०१५ पासून न्यायालयाचा देखरेख अधिकारी आहे. तरी मारहाण थांबेना, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश लॉरा टेलर स्वेन यांनी शहराला अवमानाबद्दल दोषी धरलं आणि मे २०२५ मध्ये बाहेरचा व्यवस्थापक नेमण्याचा आदेश दिला. गंमत म्हणजे रायकर्सला कैद्यांच्या मानाने अधिकारी भरपूर होते. कामावर येत किती आणि आल्यावर बसत कुठे, हा घोळ होता.

नव्या जेलच्या बाँडवर मत द्यायचंय. काय विचारावं?

खाटा किती हे सगळे विचारतात. तुम्ही खुर्च्या किती ते विचारा. प्रत्येक पॉडसाठी पाच-सहा माणसांचा कायमचा पगार कुठून येणार? इमारत एकदा बांधली की झाली, पगार मात्र चाळीस वर्षं चालू; बांधकामाच्या कित्येक पट रक्कम त्यात जाते. आजच्या जेलमधले किती जण केवळ जामिनाच्या पैशांसाठी अडकलेत, तेही विचारा. आणि ‘तात्पुरती सोय’ म्हटलं की सावध व्हा. ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीने १९९३ मध्ये वाळवंटात तंबूंचं जेल उभारलं होतं. ते बंद व्हायला २०१७ उजाडलं.

शाकाहारी जेवण, फोन, भेटी?

धार्मिक कारणाने शाकाहारी जेवण मागता येतं. २००० सालचा धर्मस्वातंत्र्याचा केंद्रीय कायदा काउंटी जेललाही लागू आहे. लेखी अर्ज करावा. ताटात बहुधा बीन्स आणि ब्रेड येतो, आमटी-भाताची आशा नको. फोन बहुतेक ठिकाणी पैसे पडून. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये ते मोफत केले. सगळे फोन रेकॉर्ड होतात, मराठीत बोललात तरी. खटल्याबद्दल एक अक्षरही फोनवर बोलू नका. ते वकिलाशी, जिथे रेकॉर्डिंग चालत नाही तिथे. भेटी आता बऱ्याच जागी व्हिडिओवरच, आधी वेळ घेऊन.

आत असलेला भारतीय नागरिक असेल तर?

व्हिएन्ना करारानुसार त्याला वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे आणि तो त्याला सांगणं अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. पण भारताच्या बाबतीत हे आपोआप होत नाही. त्याने स्वतः ‘कळवा’ म्हणावं लागतं. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकीलही त्याच दिवशी गाठावा, कारण किरकोळ वाटणारी कबुली व्हिसावर बेतू शकते. फोन करण्याआधी पूर्ण नाव पासपोर्टावर आहे तसं, जन्मतारीख आणि बुकिंग नंबर हाताशी ठेवा. हा नंबर बहुतेक शेरीफांच्या संकेतस्थळावर कैद्याचं नाव टाकून शोधता येतो. नोंद दिसायला काही तास लागतात, तेव्हा लगेच सापडलं नाही म्हणून दुसऱ्या काउंटीत शोधत फिरू नका.